फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात?

ज्यांची बसमध्ये रेंज गेली, हेडफोन घरी राहिले किंवा ज्यांना माझा आवाज अर्धा तास सहन होत नाही, त्या सगळ्यांसाठी या वेळचा भाग लिहून ठेवतेय. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं पूर्ण केलीत, बाकी गप्पा तशाच आहेत.

विषय आहे फ्रीज. हसू नका. घरातलं दुसरं कुठलं यंत्र चोवीस तास, बाराही महिने चालू असतं? आणि आपण मात्र त्याला कपाटासारखं वागवतो. आणला, भिंतीला लावला, वर एक नक्षीदार कापड टाकलं, झालं. मीही अगदी तेच केलं होतं.

मागच्या वर्षी जूनमध्ये मी आणि माझी मैत्रीण पुण्यात एका जुन्या बिल्डिंगमधल्या वन बीएचकेमध्ये राहायला गेलो. स्वतःच्या पैशांनी, म्हणजे हप्त्यांवर, घेतलेला आयुष्यातला पहिला फ्रीज. सिंगल डोअर, नवाकोरा. प्लग लावला, आतला दिवा लागला, फोटो काढून स्टेटसला टाकला.

जुलैमध्ये आई सांगलीहून आली. तिची सवय अशी, की सकाळी उठून आधी फरशी पुसायची आणि मग चहा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तिने दूध काढायला फ्रीजचं दार धरलं आणि हात झटकन मागे घेतला. "अगं, तुझ्या फ्रीजला करंट येतोय." मी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "काही नाही गं, स्टॅटिक असेल." मी घरात कायम चपला घालते, त्यामुळे मला कधी काही जाणवलंच नव्हतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, स्टॅटिक? पुण्यात? जुलैमध्ये? स्टॅटिकची ठिणगी कोरड्या हवेत उडते, आणि तीही एकदाच चटका देऊन संपते. आईला दुसऱ्या दिवशी पुन्हा झिणझिण्या आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. मग ती पायात चपला अडकवून फ्रीज उघडायला लागली आणि मला म्हणाली, "तू बोलाव नाहीतर मी बोलावते वायरमनला."

वायरमन आला. त्याने मेन बंद केला, सॉकेटचे स्क्रू काढले आणि टॉर्च मारून मला आत बघायला लावलं. लाल वायर होती. काळी वायर होती. हिरवी वायर नव्हतीच. "ताई, हे वरचं भोक नुसतं शोभेला आहे," तो म्हणाला.

तिसरी पिन कशासाठी असते

आपल्या थ्री पिन प्लगची वरची पिन नीट बघा. ती बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग घालताना तिने सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. ती अर्थिंगची पिन. फ्रीजच्या आतून एक वायर त्याच्या पत्र्याच्या अंगाला जोडलेली असते, ती या पिनेतून सॉकेटमध्ये, तिथून मेन बोर्डात आणि शेवटी बिल्डिंगखाली जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत जाते.

रोजच्या कामात या वायरचा उपयोग शून्य. फ्रीज तिच्याशिवाय मस्त चालतो, बर्फ होतो, दूध थंड राहतं. म्हणून तर ती नाही हे कुणाला कळत नाही! तिचं काम फक्त त्या एका दिवशी असतं, जेव्हा आतल्या एखाद्या वायरचं कव्हर उंदराने कुरतडलेलं असतं, किंवा ओल शिरून करंट पत्र्यावर आलेला असतो. अर्थिंग असेल तर तो करंट त्या जाड, सोप्या वाटेने एकदम धावतो आणि एमसीबी पडतो किंवा फ्यूज उडतो. फ्रीज बंद, तुम्ही सुखरूप. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच वाट बघत बसतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्याला हात लावणारा माणूसच मग त्याची अर्थिंग होतो.

थोडं गणित करू. ओल्या अंगाचा विद्युतरोध ढोबळमानाने हजार ओहम धरतात. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडवत नाही. ३० च्या पुढे जिवाशी गाठ. म्हणजे घरातला करंट जीव घ्यायला लागतो त्याच्या कितीतरी पट जास्त असतो.

मग माझा फ्रीज तर नवा होता, त्याला करंट का यावा? हा प्रश्न मी माझ्या मामेभावाला विचारला. तो इलेक्ट्रिकलवाला आहे. त्याने सांगितलं ते असं: हल्लीच्या इन्व्हर्टर फ्रीजमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्या सर्किटची विजेतली खरखर गाळायला एक फिल्टर बसवलेला असतो, आणि तो अगदी थोडासा करंट मुद्दाम पत्र्याकडे पाठवतो, कारण तिथून तो अर्थिंगमध्ये निघून जाणार हे गृहीत धरलेलं असतं. अर्थिंगच नसेल तर तो जाणार कुठे? पत्र्यावर साचतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. हा करंट एका मिलिअँपिअरच्या आतबाहेर असतो, त्याने माणूस मरत नाही. पण तो एक निरोप असतो, की या घरात अर्थिंग नाही. गीझर, वॉशिंग मशिन, मिक्सर, कुणालाच नाही. (उलटही खरं आहे बरं का. जुन्या साध्या फ्रीजला झिणझिण्या येत असतील तर तो फिल्टरचा प्रकार नसून खरोखरचा बिघाड असायची शक्यता जास्त. तो फ्रीज तेव्हाच बंद करा. आणि बटण बंद करताना पायात कोरडी चपला, हात कोरडे.)

आता जुगाडांविषयी, कारण यातले दोन मला त्याच आठवड्यात लोकांनी सुचवले. पहिला: "वरची पिन कापून टाक, टू पिनमध्ये बसेल." याबद्दल काय बोलायचं! दुसरा जास्त वाईट आहे, कारण तो हुशारीचा वाटतो. सॉकेटच्या आतच अर्थिंगचा स्क्रू छोट्या वायरने न्यूट्रलला जोडून टाकायचा. झिणझिण्या लगेच थांबतात, सगळे खूश. बाजारात तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर मिळतो, तोसुद्धा ‘सब ठीक’ दाखवतो. पण पुढे कधी न्यूट्रलची वायर कुठे सैल झाली किंवा तुटली, तर फ्रीजच्या आतून फिरून आलेला फेज त्या छोट्या वायरमधून थेट पत्र्यावर येतो. म्हणजे बिघाड नसलेला फ्रीज आपणच आपल्या हाताने जिवंत केला. तिसरा प्रकार, नळाच्या पाइपला वायर गुंडाळणे. हल्ली पाइप मध्येच प्लास्टिकचे असतात, त्यामुळे अर्थिंग होत नाही, आणि वर आंघोळ करणाऱ्या शेजाऱ्याच्या नळात करंट जाऊ शकतो. वायरमनने यातलं काहीही सुचवलं तर चहा पाजून परत पाठवा.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. मेन बोर्डाच्या अर्थिंगपासून त्या सॉकेटपर्यंत हिरवी वायर ओढणे, आणि मेन बोर्डातली अर्थिंग तरी खरी आहे का हे तपासून घेणे. सोबत आरसीसीबी बसवून घ्या. बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. तो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत मोजत बसतो. घरात साधारण ३० मिलिअँपिअरचा बसवतात. तेवढा करंट वाटेत कुठे गळाला, मग तो तुमच्या अंगातून का असेना, की क्षणाच्या काही भागात वीज तोडतो. अर्थिंग नसलं तरी तो काम करतो, फक्त अशा वेळी तो पडण्याआधी झटका तुम्हाला बसलेला असतो. म्हणून दोन्ही हवेत. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर तो पडलाच पाहिजे.

आमच्या घरमालकांचं म्हणणं होतं, "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही." मी म्हणाले, "काका, इतकी वर्षं आई आली नव्हती." शेवटी खर्च अर्धा अर्धा ठरला. खरं तर पूर्ण त्यांनीच द्यायला हवा होता, पण मला आई परत जायच्या आत काम व्हायला हवं होतं. तुम्ही भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा नळाला पाणी किती वेळ असतं हे जसं विचारता, तसंच डिपॉझिट द्यायच्या आधी विचारा: अर्थिंग आहे का, आणि मेन बोर्डात आरसीसीबी आहे का.

ठेवायचा कसा

एवढं झाल्यावर मी पहिल्यांदा फ्रीजचं मॅन्युअल उघडलं. त्यातलं कामाचं सांगते.

फ्रीज टेम्पोत शक्यतो उभा आणायचा. आडवा आणला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, ते परत खाली उतरायला वेळ द्यायचा. किमान तीनचार तास, आणि खूप वेळ आडवा असेल तर रात्रभर नुसता उभा ठेवा. आम्ही दहा मिनिटांत चालू केला होता. नशीब चांगलं.

मागे चार बोटं तरी जागा सोडा, मॉडेलप्रमाणे नेमकं अंतर मॅन्युअलमध्ये असतं. फ्रीज थंडी ‘बनवत’ नाही, आतली उष्णता बाहेर आणून टाकतो. ती टाकायला हवा नसेल तर कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो आणि बिल तुम्हाला येतं. पुष्कळ नव्या फ्रीजच्या दोन्ही बाजू गरम लागतात, कारण उष्णता सोडणाऱ्या नळ्या त्या पत्र्याच्या आत असतात. ते नॉर्मल आहे, घाबरू नका. शेगडीजवळ आणि उन्हात मात्र ठेवू नका.

प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. एक्स्टेंशन बोर्डावर फ्रीज, राउटर आणि दोन चार्जर ही बॅचलर रूमची आवडती मांडणी आहे, मला माहितीये. पण साधा कॉम्प्रेसर चालू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट खेचतो, आणि तो दिवसातून अनेकदा चालूबंद होतो. बारीक वायर आणि सैल सॉकेट तापून वितळायला एवढं पुरतं. प्लग कधी हाताला गरम लागला किंवा काळपट दिसला तर सॉकेट बदला.

गावाकडे व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझरचं बघा. काही मॉडेलना लागत नाही, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. आणि लाइट गेली, लगेच आली, परत गेली, असा खेळ चालू असेल तर फ्रीज बंद करून पाच मिनिटांनी लावा. कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. तो न मिळता पुन्हा चालू झाला तर कॉम्प्रेसर अडून बसतो आणि तापतो.

त्यातला गॅस

आता हे ऐकून दचकू नका. नव्या घरगुती फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळ, ज्वाळेचं चित्र असलेला एक पिवळा त्रिकोण असतो आणि शेजारी ‘आर ६०० ए’ असं लिहिलेलं असतं. हा आयसोब्युटेन, म्हणजे आपल्या एलपीजीचा जवळचा नातेवाईक.

ज्वालाग्राही गॅस मुद्दाम का भरतात, याची गोष्ट मजेशीर आहे. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असायचे. बर्लिनमधलं एक अख्खं कुटुंब असा वायू गळून झोपेत गेल्याची बातमी आईन्स्टाईनने वाचली आणि लिओ झिलार्डला सोबत घेऊन न गळणारा फ्रीज बनवायच्या मागे लागला, असं सांगतात. दोघांना त्याचं अमेरिकन पेटंट १९३० मध्ये मिळालंसुद्धा. आईन्स्टाईन आणि फ्रीज, खरंच! पण त्यांचा फ्रीज बाजारात आलाच नाही, कारण त्याच सुमाराला थॉमस मिजलीने फ्रिऑन आणला. तो विषारीही नव्हता आणि जळतही नव्हता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे कळलं की तो वर जाऊन ओझोनचा थर खातोय. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी आर १३४ ए आला, तर तो पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त जोरदार निघाला. म्हणून आता आयसोब्युटेन. ओझोनला त्रास नाही, तापमानवाढ नगण्य, फक्त पेट घेतो.

भरलेला किती असतो? घरगुती फ्रीजमध्ये काही दशक ग्रॅम. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. त्यामुळे घरात बाँब ठेवलाय असं समजू नका. पण एक फरक लक्षात ठेवा. एलपीजीला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, फ्रीजच्या गॅसला तो नसतो. तो गळला तर नाकाला कळणार नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसेल. आतली नळी फुटली, फुस्स आवाज आला, तर त्या खोलीतलं कुठलंही बटण दाबू नका, ना चालू ना बंद. फ्रीजचा प्लगही तिथे ओढू नका. शेगडी पेटवू नका, खिडक्या उघडा, बाहेर या, आणि वीज बंद करायची तर खोलीबाहेरच्या मेनवरून.

नळी फुटते कशी? नव्वद टक्के आपणच फोडतो असं मी छातीठोक म्हणाले असते, पण आकडा माझा स्वतःचा आहे, म्हणून सोडा. सांगायचं हे, की फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झाला की घरातलं कुणीतरी सुरी घेऊन उभं राहतं. त्या बर्फाच्या मागे पातळ ॲल्युमिनियम असतं आणि त्यातच गॅस फिरत असतो. एक टोचा, आणि फ्रीज गेला. डीफ्रॉस्टचं बटण दाबा, नाहीतर बंद करून दार उघडं ठेवा आणि पातेलंभर कोमट पाणी आत ठेवा. हेअर ड्रायरही नको, पाणी आणि वीज एकत्र आणायची हौस कशाला? आणि गॅस भरायला येणाऱ्या माणसाला लेबल दाखवा. आर ६०० एच्या फ्रीजमध्ये तोच भरला पाहिजे, आणि जोडकामाची ज्योत पेटवायच्या आधी आतला गॅस मोकळ्या हवेत काढून टाकलेला असला पाहिजे.

आतमध्ये

फ्रीज जंतू मारत नाही, फक्त त्यांचा वेग कमी करतो. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात, म्हणून खालच्या भागात ५ च्या आत आणि फ्रीजरमध्ये उणे १८ हवं. बटणावरचे १ ते ७ हे अंश नाहीत! बहुतेक फ्रीजमध्ये आकडा मोठा तितकी थंडी जास्त. एक स्वस्तातला थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात घालून रात्रभर आत ठेवा, सकाळी खरं काय ते कळेल.

उरलेला भात हा आपल्याकडचा खरा व्हिलन. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि कोमट भातात पुन्हा जागे होतात. ते जे विष तयार करतात त्यातलं एक परत गरम करूनही जात नाही. म्हणून भात पसरट भांड्यात काढून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, मे महिन्यात एका तासात. सकाळचा भात कुकरमध्येच ठेवून रात्री फोडणी, हे बंद. आमच्या रूमवर मीच करायचे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

कच्चं चिकन, मासे सगळ्यात खाली, झाकून. दूध दारात न ठेवता आतल्या कप्प्यात. आजीआजोबांचं न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

लाइट गेली तर दार उघडून ‘अजून गार आहे का’ बघू नका. बंद दाराचा फ्रीज सुमारे चार तास धरतो, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत. गणपतीला कोकणात जाताना एक युक्ती करा. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ते खाऊ नका.

शेवटचा प्रश्न एका श्रोत्याचा होता: जुना बंद फ्रीज गॅलरीत पडून आहे, त्याचं काय? भंगारात जाईपर्यंत आधी त्याची दारं काढा. लपाछपीत मूल आत बसलं तर आत हवा नाही आणि आवाजही बाहेर येत नाही. पूर्वी दाराला बाहेरून खटका असायचा आणि मुलं आत अडकून मरायची. इतकी, की अमेरिकेत १९५६ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला, की फ्रीजचं दार आतून उघडलंच पाहिजे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये असाच एक फ्रीज होता, कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. मी आणि त्या वायरमनने त्याच दिवशी त्याचं दार उतरवलं. त्याने त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

पुढचा भाग गीझरवर. तोवर तुमच्या सॉकेटमध्ये हिरवी वायर निघाली की नाही, ते कळवा. आणि सॉकेट स्वतः उघडू नका हं, वायरमनला बोलवा.